तोंड दाखव

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार आणि खुशाली तू धरून चाल. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून कागद. कागद फेकायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो, आणि हातात आलेलं वाचल्याशिवाय तुला राहवत नाही. सामानाला गुंडाळून आलेले वर्तमानपत्राचे तुकडेसुद्धा तू उभ्या उभ्या वाचायचीस.

आधी बातमी देते, मग तुला काय चिडायचं ते चीड. तुझी गुंडी माझ्याकडे आहे.

आई मंगळवारी बाथरूममध्ये घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय, बाकी ठणठणीत आहे. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती, कारण ‘तिला या दिवसांत घोर नको’. पण एका हाताने सात वर्षांच्या मुलीची वेणी घालता येत नाही आणि डबाही भरता येत नाही. आई स्वतः माझ्याकडे यायला तयार नाही, शेजारीण जेवायला आणून देते त्यावर तिचं भागतं. गुंडीची शाळा माझ्या घरापासूनही बसने दोनच थांबे आहे. ‘धाकटीकडे हिला न्यायचं नाही’ असं तू बजावलं होतंस, तेही आईने मला सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि गुंडीची बॅग उचलली.

घरी येऊन बॅग उघडली तर सगळ्यात वर कापडात बांधलेलं एक ताट, एक वाटी, पेला आणि चमचा. मी म्हटलं, “अगं, मावशीकडे भांडी नाहीत असं वाटलं का तुला?” तर म्हणाली, “हे माझं वेगळं आहे, मावशी. तुमच्यात मिसळायचं नाही.” जेवण झाल्यावर तिने ताट स्वतः घासलं, पुसलं, पुन्हा कापडात बांधलं आणि बॅगेत ठेवून दिलं. ही टापटीप तुझ्याकडून आली आहे हे खरं, पण मला काही तिचं कौतुक वाटलं नाही.

तू तिला आईकडे का पाठवलंस ते मला ठाऊक आहे. तुला दिवस गेलेत, आणि मोहरीच्या वेळी माझं काय झालं ते तू पाहिलंयस. पाहिलं म्हणजे पहिलं वर्षभर. त्यानंतर तू या घरात पाऊल टाकलं नाहीस.

मोहरी आता साडेचार वर्षांची आहे. तुझ्या डोळ्यांपुढे अजून ते मान धड न सावरणारं गाठोडंच असेल. आता ती चालते. जरा फेंगडी चालते, वळताना भिंतीला हात लावते, आणि पडली की आधी आजूबाजूला बघते, कुणी पाहिलं असेल तरच रडते. डाव्या कानाला यंत्र आहे. उजवा कान नुसता शोभेचा. बोलते कमी, भांडते पुष्कळ. एवढीशी जन्मली म्हणून तिच्या बाबाने मोहरी म्हणायला सुरुवात केली. ती तडतडते कशी ते आम्हाला पुढे कळलं.

गुंडी आल्यापासून मोहरी तिच्या मागे मागे आणि गुंडी पुढे पुढे, अशी दोघींची घरभर वरात चालू आहे. का ते अजून मला उमगलेलं नाही.

तब्येत सांभाळ. कचेरीत पाय लोंबकळत ठेवून बसू नकोस, सुजतात.

धाकटी


८ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही, तरी लिहिते. माझं तोंड तू बंद करू शकत नाहीस हे तुला सवयीचं आहे.

आणि गोष्ट तोंडाचीच आहे. गुंडी मोहरीशी बोलताना तोंडावर हात ठेवते. मला आधी वाटलं, समोरचे दोन दात पडलेत म्हणून लाजत असेल. पण माझ्याशी बोलताना तिला लाज वाटत नाही, बोळकं पसरून हसते. मोहरी जवळ आली रे आली की पंजा तोंडावर आणि मान दुसरीकडे.

आता मोहरीचं कसं आहे ते तुला सांगायला हवं, कारण तुला माहीत असायचं काही कारण नाही. यंत्र तिच्यापर्यंत आवाज पोचवतं, शब्द सगळे पोचवत नाही. अर्धं ती ऐकते आणि अर्धं समोरच्याच्या ओठांवरून वाचते. ‘पाणी’ म्हटलं की ‘राणी’, हे ओठ मिटले की नाही यावरून तिला कळतं. तिला बोलायला शिकवतात त्यांना आम्ही कानवाल्या बाई म्हणतो. त्यांनी तिला पहिलं अख्खं वाक्य शिकवलं ते हे: “तोंड दाखव.” कुणी पाठमोरं बोललं, पेपरमागून बोललं, की बाईसाहेब हुकूम सोडतात. माझ्या शिवणकामाच्या गिऱ्हाइकांनाही सोडत नाही. परवा पडद्याचं कापड बघायला एक बाई आल्या होत्या, सर्दीमुळे रुमाल नाकातोंडाला लावून बोलत होत्या. मोहरी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली, “तोंड दाखव!” त्या इतक्या दचकल्या की रुमाल पर्समध्ये टाकला आणि भाव न करता कापड घेऊन गेल्या.

तर गुंडी तोंड झाकून काहीतरी पुटपुटते, मोहरी “तोंड दाखव” म्हणून ओरडते, गुंडी आणखी घट्ट झाकते, आणि मोहरी चिडून तिच्या पायांवर बसकण मारते. मी मधे पडायचं सोडून दिलं होतं.

काल मी उशांच्या अभ्र्यांना टिपा घालत होते. गुंडी मशीनपाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, “मावशी, माझ्या तोंडात काय आहे?”

मी म्हटलं, “दात. त्यातले दोन कमी.”

“तसं नाही. माझ्या थुंकीमुळे मोहरी बहिरी झाली ना?”

माझा पाय मशीनच्या पेडलवरच थांबला. “कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. आई बाबांना सांगत होती, दार लावून. रडत होती. म्हणाली, गुंडीला धाकटीकडे ठेवलं नसतं तर तिचं बाळ धड जन्मलं असतं. आणि आता आपल्याही बाळाला...” पुढचं तिला ऐकू आलं नाही. आलं असेल तर तिने मला सांगितलं नाही.

ताई, तू दार लावून बोललीस, तिच्या कानावर जावं असं तुला वाटत नव्हतं, हे मला कळतं. पण ते गेलं. तेव्हापासून ती हे एकटीच उराशी घेऊन फिरते आहे. ती मोहरीला टाळत नाही, तिला वाचवते आहे. जवळ ये म्हटलं, तर तिने आधी तोंडावर हात ठेवला आणि मग माझ्या कुशीत आली.

मी तिला सांगितलं, “तुझ्या तोंडात वाईट काही नाही. मी तुला सगळं नीट सांगणार आहे, पण आधी तुझ्या आईला विचारते.” तर हे मी तुला विचारते आहे. फोन उचल.

धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पाकीट मिळालं. तुझं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. मजकूर असा: ‘गुंडीला ताबडतोब आईकडे पोचव. तुझ्या मुलीच्या आसपास तिला ठेवू नकोस. एकदा झालं तेवढं पुरे. नाहीतर मी ह्यांना पाठवते.’

माझं डोकं सणकलं. आता हिला एक ओळ लिहायची नाही असं ठरवून मी भांडी घासायला घेतली आणि एका कपाचा कान तोडला. संध्याकाळी पुन्हा वाचलं तेव्हा कुठे लक्षात आलं, तू मोहरीसाठी घाबरली आहेस. माझ्या मुलीला तुझ्या मुलीपासून वाचवायला निघाली आहेस. आई आणि मुलगी, दोघी एकाच वेडाने झपाटलेल्या. म्हणून आता मला माहीत आहे ते सगळं लिहिते. विमा कचेरीत तू दिवसभर लोकांच्या आजारांचे कागद तपासतेस, आणि घरातला हा एक आजार अर्धवट ऐकून पळालीस.

ज्याच्यामुळे मोहरीला हे झालं त्या विषाणूचं नाव सायटोमेगॅलो. म्हणताना जीभ अडखळते, म्हणून आमच्या घरात त्याला नुसतं ‘तो’ म्हणतात. तो लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत असतो, महिनोन्‌महिने असतो. त्या मुलांना काही होत नाही, फार तर नाक वाहतं. मोठ्यांनाही बहुतेक वेळा काही होत नाही. मला चार दिवस कणकण होती आणि घसा धरला होता. तू तेव्हा बढतीच्या प्रशिक्षणाला गेली होतीस, दोन वर्षांची गुंडी माझ्याकडे होती आणि मला दिवस गेल्याचं नुकतंच कळलं होतं. साधा ताप म्हणून मी गोळी घेतली आणि कामाला लागले. गुंडीच्या ताटात उरलेलं मी खायची. अन्न टाकायचं नाही असं आईने आपल्याला वाढवलं, आणि लेकराचं उष्टं कुणाला उष्टं वाटतं का? तिच्याच चमच्याने मी चव बघायची, तिचा पेला मी संपवायची, आणि पापे तर विचारू नकोस. जड उचलू नकोस, जिने चढू नकोस, जागरण करू नकोस, हे मला उठता बसता सगळ्यांनी सांगितलं. हे मात्र कुणीच सांगितलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

पुढे मेंदूच्या डॉक्टर बाईंनी समजावलं. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूतल्या पेशी भराभर वाढत असतात आणि आपापल्या जागी जाऊन बसत असतात. तो आईच्या रक्तातून वारेत आणि वारेतून बाळात शिरला, आणि नेमका त्याच काळात शिरला, तर काही पेशी मरतात, काही जागेवर पोचत नाहीत. अस्तर सुरुवातीलाच तिरकं लागलं तर वरून कितीही इस्त्री केली तरी पडदा सरळ पडत नाही, तसं मी समजून घेतलं. डॉक्टर बाई म्हणाल्या, अगदी तसं नाही, पण चालेल. मोहरीच्या मेंदूच्या फोटोत पांढरे ठिपके आहेत, तेही त्यांनी बोट ठेवून दाखवले. ज्या बाळांना पोटात संसर्ग होतो त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नाही. मोहरीला झालं.

आता माझी हुशारी ऐक. ती जन्मली तेव्हा वजन कमी आणि डोकं लहान, म्हणून डोक्याच्या घेरावर लक्ष ठेवा असं सांगितलं होतं. मापं घेणं हा तर माझा धंदा. दर आठवड्याला मी टेप घेऊन बसायची, जरासं वाढलं की आईला फोन करायची. डोकं हळूहळू का होईना वाढत होतं आणि मी खूश होते. आणि तो सगळा वेळ ती माझ्या मशीनच्या शेजारी, टोपलीत, गाढ झोपलेली असायची. जाड कापडाला ती मोटर किती घरघरते तुला माहीत आहे. येणारा जाणारा म्हणायचा, काय गुणी मुलगी आहे, एवढ्या आवाजातही उठत नाही. तूसुद्धा म्हणाली होतीस, “नाहीतर आमची गुंडी, टाचणी पडली तरी जागी व्हायची.” मी ती शाबासकी वर्षभर मिरवली. मग एके दिवशी तिच्या बाबाच्या हातून हत्यारांचा पत्र्याचा डबा थेट तिच्या उशाशी पडला आणि तिची पापणीसुद्धा हलली नाही.

मग कान तपासले, मग बाकीचं सगळं. जन्मल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताचा वाळलेला ठिपका दवाखान्याने जपून ठेवला होता, त्यात तो सापडला. म्हणजे पोटात असतानाच झालेलं. त्या दिवशी तू माझ्याबरोबर होतीस. डॉक्टर बाईंनी विचारलं, “तुम्हाला दिवस असताना घरात लहान मूल होतं का?” मी हो म्हटलं. तू उठून बाहेर गेलीस. मला वाटलं फोन आला असेल.

तू बाहेर गेल्यावर त्या पुढे जे म्हणाल्या ते तू ऐकलंच नाहीस, म्हणून आता ऐक. त्या म्हणाल्या, कुणाकडून आला ते सांगता येणार नाही, कुणालाच सांगता येणार नाही. त्या महिन्यांत मी पडद्यांची मापं घ्यायला किती घरांत गेले, किती घरांत शेंबडी रांगती पोरं माझ्या मांडीवर चढली. त्यांच्यातल्या एखाद्याकडून आला असेल. माझ्या नवऱ्याकडून आला असेल. गुंडीकडून आला असेल. गुंडीला तरी तो मिळाला असेल तर पाळणाघरातच मिळाला असणार, मग त्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करायचं का? हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, माझा तसा स्वभाव नाही.

मी तुझ्यावर चिडले आहे. खूप चिडले आहे. पण लाळेवरून नाही. मोहरीला पहिल्यांदा फिटचा झटका आला तेव्हा मी रुग्णवाहिकेतून तुला फोन लावत होते. पहिल्यांदा यंत्र लावलं आणि माझ्या आवाजाकडे तिने मान वळवली, तेव्हाही आधी तुलाच लावला. मला बहीण हवी होती, ताई. तुझ्या अपराधाचं मी काय करू?

राहिली मोहरी. तिला जे व्हायचं ते पोटात होऊन गेलं, आता गुंडीच्या बोलण्याने तिला काही होत नाही. न बोलण्याने मात्र होतं आहे.

आणि राहिलं तुझं बाळ. गुंडीला तो लहानपणी झाला असेल, तर तिचं नाक पुसणारी आणि तिचं उष्टं खाणारी तूच ना? मग तुलाही तो तेव्हाच होऊन गेला असण्याची शक्यता दांडगी आहे. रक्त तपासलं की कळतं, जुना आहे की नवा. जुना असेल तर बाळाला धोका खूप कमी असतो. अजिबात नसतो असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. पण तपासणी केलीस का तू? आई म्हणते नाही केली, निकालाची भीती वाटते म्हणून. पोटची मुलगी पाठवून दिलीस आणि सुईला घाबरलीस.

गुंडीला मी परत पाठवत नाही. भावोजींना पाठवायचं असेल तर खुशाल पाठव. त्यांना जेवायला घालीन आणि खिडकीची तुटलेली कडी बसवून घेईन.

धाकटी


२६ फेब्रुवारी

ताई,

भावोजी आले नाहीत. कडी तशीच आहे.

तुझ्या परवानगीची वाट बघून झाली, म्हणून गुंडीला मी सगळं सांगितलं. तिला झेपेल तेवढंच. सगळ्याच छोट्या मुलांच्या तोंडात असले बारीक जीव असतात, तू दोन वर्षांची होतीस, तुला काय कळणार, मोठ्यांनाही कळलं नव्हतं, आणि आता हात धुतले की झालं. तिने शाळेत बाईंपुढे मान हलवतात तशी हलवली. विश्वास बसला नाही हे तिच्या पंजावरून दिसत होतं, तो होता तिथेच होता.

जे मला जमलं नाही ते मोहरीने केलं. कानवाल्या बाई तिला दुसऱ्याच्या गळ्याला हात लावून आवाज ओळखायला शिकवतात. गळा थरथरतो ना, ते हाताला कळतं. मागच्या सोमवारी ही पलंगावर चढली, गुंडीचा पंजा दोन्ही हातांनी ओढून खाली पाडला, एक हात तिच्या गळ्यावर आणि दुसरा सरळ तिच्या ओठांवर ठेवला. म्हणाली, “बोल.”

गुंडीचे डोळे एवढाले झाले. “सोड!”

“सोड!” मोहरीला आनंदाने उकळ्या फुटल्या. नवीन शब्द मिळाला होता, आणि तोही हातात. “सोड, सोड, सोड!”

गुंडीने तिला बखोटीला धरून बेसिनपाशी नेलं आणि तिचे हात साबणाने असे खसाखसा चोळले, जसं मी डाग पडलेलं पडद्याचं कापड... जाऊ दे, पुष्कळ चोळले. मोहरीला वाटलं खेळाचा हा पुढचा भाग आहे. हात पुसून झाल्या झाल्या पुन्हा गुंडीच्या ओठांवर. “बोल.” पुन्हा एक शब्द, पुन्हा बेसिन. आठवडाभर घरात हेच चाललंय. एक शब्द, एक साबण. फरशीवर पाणी, दोघींच्या बाह्या ओल्या, वडी संपली, दुसरीही अर्धी झाली. मोहरीने या आठवड्यात शिकलेले शब्द: सोड, साबण, फेस, बुडबुडा, पुरे, आगाऊ. शेवटचा ती कुणाला वापरते ते लिहीत नाही. कानवाल्या बाई मला विचारत होत्या, नवीन शिकवणी लावली का?

हळूहळू गुंडी पंजा ठेवायला विसरू लागली. आधी धुण्याच्या गडबडीत, मग तशीच. बुधवारी दोघी टेबलाखाली बसून भांडत होत्या आणि गुंडीचं बोळकं मोहरीच्या नाकासमोर होतं. मी टेबलावरचं काम मुद्दाम लांबवलं.

हे सगळं तुला कळवून मी गप्प बसणार होते. पण काल संध्याकाळी बेसिनपाशी गुंडी मधेच थांबली. हाताला फेस तसाच होता. म्हणाली, “मावशी, साबणाने खरंच जातं?”

मी म्हटलं, “जातं. डॉक्टरच सांगतात. साबण, पाणी आणि नीट चोळायचं.”

“सगळं जातं?”

“हातावरचं सगळं जातं.”

तिने दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, “मग आईने मला का पाठवलं? आमच्या घरी पण साबण आहे.”

मी तिच्या हातांवरचा फेस धुतला. तुझ्या बाजूने काहीतरी बोलावं असं मला फार वाटलं, ताई, खरंच वाटलं. पण हे तिने मला विचारलं नव्हतं. तुझ्याकडे उत्तर असेल तर तिला लिही. मला लिहिलं नाहीस तरी चालेल.

धाकटी


१२ मार्च

ताई,

दोन्ही पाकिटं एकाच दिवशी आली. गुंडीचं तिने स्वतः फोडलं आणि मला वाचू दिलं नाही. मग जेवताना स्वतःच मोठ्याने वाचून दाखवलं: ‘गुंडी, घरी साबण आहे. तुझ्यासाठी नवीन आणून ठेवलाय. चूक आईची होती, तुझी नाही. रविवारी तुला न्यायला येते.’ मोहरीला एवढं लांब वाक्य झेपत नाही, म्हणून तिला ते पुन्हा एकदा, ओठ दाखवत, तुकड्या-तुकड्याने वाचून दाखवण्यात आलं. तिला ‘साबण’ कळलं. तिने जाऊन आणला.

माझं पाकीट मी रात्रीपर्यंत फोडलं नाही. रक्तात जुना संसर्ग निघाला, बरं झालं. बऱ्याच वर्षांपूर्वीचा दिसतो म्हणालीस, म्हणजे मी म्हटलं तसंच, पण मी ते उगाळत बसणार नाही. तुझे डॉक्टर बाळाची सोनोग्राफी पुन्हा करणार आणि जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याची लघवी तपासणार, तेवढं मात्र त्यांच्या मागे लागून करून घे. उशीर झाला तर पोटातलं की नंतरचं हे कळत नाही, आणि औषध असतं ते लवकर सुरू करायचं असतं. त्याचे कान एकदा तपासून सोडून देऊ नकोस, पुन्हा पुन्हा तपास. आणि बाळ फार गुणी निघालं, आवाजात छान झोपू लागलं, तर शाबासकी देण्याआधी मला फोन कर.

आता रविवारचं. यायचं आधी तुझ्या डॉक्टरांना विचार, कारण मोहरीच्या लाळेत तो अजूनही अधूनमधून असू शकतो. घाबरायचं नाही, जपायचं. तिचं उष्टं खायचं नाही, तिला शू करायला न्यायचं नाही, हात धुवायचे. पापा ओठांवर नाही, गालावर नाही, टाळूवर घ्यायचा. गुंडीचाही तसाच. तिला मी हे समजावलं तर तिने आरशात स्वतःची टाळू बघायचा पुष्कळ प्रयत्न केला, आणि आता रोज सकाळी भांग सरळ पाडून घेते.

लिफ्ट बंद आहे. नवरा गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करत फिरतो आणि आमची बंद, यावर तुला काय बोलायचं ते त्याच्या तोंडावर बोल. जिना सावकाश चढ, मधे थांब. गुंडी म्हणाली आहे की ती धावत येणार नाही, आधी हात धुणार आणि मग दार उघडणार. दार उघडायला वेळ लागला तर समज की बेसिनपाशी आहे. तिचं ताट परवापासून आमच्या भांड्यांत आहे, ते कुठलं हे आता मलाही ओळखू येत नाही. निघताना एक कुठलं तरी घेऊन जा.

राहिलं तुझं शेवटचं वाक्य. ‘पण मी तुला कोणत्या तोंडाने भेटू?’ मी ते वाचलं आणि पुष्कळ रडले, आणि मग मला हसू आलं, कारण ते या घरात चालणारं नाही. तुला मी ओळखते. तू दारात येशील, मला बघशील, मोहरीच्या कानातलं यंत्र बघशील, आणि तुझी ओढणी तोंडाशी जाईल. लहानपणापासून तू तशीच रडतेस. मी काही म्हणणार नाही. पण मोहरी तुझ्यापुढे येऊन उभी राहील. तिला तू कोण ते आठवणार नाही, तू काय केलंस ते तिला माहीत नाही, आणि ओढणी तोंडावर असेपर्यंत तिला तुझं काहीएक ऐकू येणार नाही. मग ती कमरेवर हात ठेवून तेच म्हणेल जे ती सगळ्यांना म्हणते.

दाखव, ताई.

धाकटी